गणिताची परीक्षा : चाळणी कीं पावती ?

शाळेंत शिकविल्या जाणाऱ्या सर्व विषयांत, ज्याचें नांव निघतांच घरांतील माणसें एकदम गंभीर होतात असा विषय एकच, आणि तो म्हणजे गणित. इतिहासांत गुण कमी पडले तर आई म्हणते, "पुढच्या वेळीं मिळतील." गणितांत कमी पडले तर बाप शाळेंत येतो. आम्ही गेलीं वीस-बावीस वर्षें माध्यमिक वर्गांना गणित शिकवीत आहों, आणि एवढ्या काळांत दहावीच्या गणिताच्या परीक्षेविषयीं जितके वाद ऐकले तितके दुसऱ्या कोणत्याही विषयासंबंधीं ऐकले नाहींत. गणित सक्तीचें असावें कीं ऐच्छिक ? प्रश्नपत्रिका एकच असावी कीं सोपी आणि कठीण अशा दोन ? पस्तीस गुणांची अट ठेवावी कीं खालीं आणावी ? या वादाचा निकाल लावण्याचा अधिकार आमच्यासारख्या शाळामास्तराकडे नाहीं. परंतु ज्यांच्या मुलांवर त्याचा परिणाम व्हावयाचा ते पालक, आणि ज्यांना ती परीक्षा द्यावयाची ते विद्यार्थी, हेच या अंकाचे वाचक होत. म्हणून आमच्या अनुभवास जें पटलें तें त्यांच्यापुढें मांडावें असें वाटतें.

या वादांत दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, ज्या मुलाला पुढें चित्रकार, वकील किंवा शेतकरी व्हावयाचें आहे त्याच्या गळ्यांत वर्गसमीकरणाचा धोंडा कशाला ? इतर सर्व विषयांत चांगले गुण मिळविणारी मुलगी एका गणितापायीं अनुत्तीर्ण ठरते, घरीं बसते, आणि तिचें शिक्षण तेथेंच संपतें. हा आक्षेप पोकळ नाहीं. गणितासारख्या विषयामुळें मुलें शिक्षण अर्धवट सोडतात हें लक्षांत घेऊन २०१७ सालीं मुंबई उच्च न्यायालयानेंही, हा विषय ऐच्छिक करतां येईल काय, अशी विचारणा केली होती. दुसरा पक्ष म्हणतो, तापमापक फोडल्यानें ताप उतरत नाहीं. परीक्षा सोपी केल्यानें विषय सोपा होत नाहीं. आज सोय म्हणून सोडलेला विषय उद्यां दहा वाटा बंद करतो. आणि तो सोडणारीं मुलें बहुधा गरिबांचीं असतात, कारण ज्याच्या हातीं पैसा आहे तो आपल्या मुलाला शिकवणी लावतो. हेंही खोटें नाहीं.

दोन्ही पक्ष खरें बोलत असतील तर घोटाळा कोठें आहे ? आम्हांस वाटतें, तो या परीक्षेच्या जन्मांतच आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालें आणि १८५९ सालीं त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक, झाली. न्यायमूर्ति रानडे आणि डॉक्टर भांडारकर हे त्या पहिल्या तुकडींतले. त्या परीक्षेचें काम एकच होतें : पुष्कळांतून थोडे निवडून त्यांना महाविद्यालयाच्या दारांत नेऊन सोडणें. ती चाळणी होती, आणि चाळणीनें चाळलें तर तिला दोष देतां येत नाहीं. पुढें १९४९ सालीं माध्यमिक शालान्त परीक्षा सुरू झाली. तिच्या नांवांतच तिचा हेतु आहे : शाळेचा अन्त. महाविद्यालयाकरितां मुलें निवडणें एवढेंच आतां तिचें काम राहिलें नाहीं. मुलगा शाळेंत काय शिकला याची पावती त्याच्या हातीं देणें हेंही तिच्याकडे आलें. कोठारी आयोगानें (१९६४-६६) पहिल्या दहा वर्षांच्या शिक्षणांत गणित व विज्ञान सर्वांना आवश्यक असावें अशी शिफारस केली, आणि महाराष्ट्रांत १९७५ सालीं नव्या रचनेची पहिली दहावीची परीक्षा झाली.

तेव्हांपासून बहुतेक काळ एकाच परीक्षेकडून आपण दोन कामें करून घेत आलों. जो उद्यां अभियंता व्हावयाचा त्याला तिनें निवडावें, आणि जो उद्यां दुकान चालवावयाचा त्याला, "याला हिशेब येतो," असा दाखलाही तिनेंच द्यावा. एकाच भांड्यानें दूध मापावें आणि पीठही चाळावें, असा हा प्रकार आहे. भोकें ठेवलीं तर दूध सांडतें, बुजविलीं तर पीठ चाळलें जात नाहीं. आणि आपण मात्र भांडें घडविणाऱ्याशीं भांडत बसतों.

मध्यंतरीं आपल्या राज्यांत या अडचणीवर एक उपाय करून पाहण्यांत आला. बीजगणित-भूमितीऐवजीं "सामान्य गणित" हा सोपा विषय घेऊन दहावी होण्याची मुभा कांहीं वर्षें होती. २०१७-१८ पासून नववीच्या वर्गांत ती बंद झाली. तीं वर्षें आम्हीं वर्गांतच काढलीं. त्यांतील दोन विद्यार्थी आमच्या डोळ्यांपुढून हालत नाहींत. त्यांचीं नांवें येथें देत नाहीं.

पहिली एका गवंड्याची मुलगी. वाचन उत्तम, अक्षर मोत्यासारखें. पण भूमितीची सिद्धता समोर आली कीं तिचे हात थंड पडत. तिनें सामान्य गणित घेतलें, चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाली आणि कला शाखेची पदवीधर झाली. आज ती एका पतपेढींत नोकरी करते, आणि वडिलांच्या कामांचीं अंदाजपत्रकेंही तीच लिहिते. किती ब्रास वाळू, किती पोतीं सिमेंट, किती मजुरी, हें सारें ती चोख मांडते. सामान्य गणित नसतें तर पोरगी दहावींतच अडकली असती असें तिचे वडील आजही म्हणतात, आणि त्यांचें म्हणणें आम्हांस खरें वाटतें.

दुसरा एक मुलगा. त्याचा थोरला भाऊ गणितांत दोन वेळां नापास झालेला. म्हणून आठवी संपतांच वडील आले आणि म्हणाले, "सर, एकाचें झालें तें पुरें. ह्याचें वर्ष वाया जायला नको. ह्याला सामान्यच द्या." असें केल्यानें पुढें गणित घेऊन विज्ञान शाखेकडे जातां येणार नाहीं, हें आम्हीं त्यांना समजावून सांगितलें. त्यांनीं ऐकून घेतलें आणि अर्जावर सही केली. मुलाचें वय तेरा वर्षें. त्याला कोणीं विचारलें नाहीं, आणि विचारलें असतें तरी तेरा वर्षांच्या मुलानें काय सांगावें? दहावीच्या वर्षीं हाच मुलगा शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पंखे आणि पाण्याच्या मोटारी उघडून दुरुस्त करूं लागला. मग तो प्रश्न विचारूं लागला : तारेचे वेढे किती घ्यावयाचे तें कसें काढतात ? तार बारीक झाली तर तापते कां ? एके दिवशीं शाळा सुटल्यावर तो थांबला आणि म्हणाला, "सर, मी आतां खरें गणित शिकलों तर चालेल का ?"

शिकण्यास कोणाचीच हरकत नव्हती. आम्हीं त्याला सहा महिने संध्याकाळीं बसविलें आणि तो शिकलाही. परंतु शिकलेलें दाखवावयाचें कोठें ? त्यासाठीं वर्ष-दोन वर्षें मागें जाणें त्याच्या घराला परवडणारें नव्हतें. गुणपत्रिकेवर जो विषय छापला गेला तोच त्याच्या बुद्धीचा शेवटचा निकाल ठरला.

वाचकहो, एकाच सवलतीनें एकीला तारलें आणि दुसऱ्याला अडविलें. म्हणून सवलत वाईट असें म्हणतां येत नाहीं, आणि ती निर्दोष होती असेंही म्हणवत नाहीं. दोष सोपेपणाचा नव्हता. त्या वाटेनें एकदां गेलेल्या मुलाला परत फिरतां येत नव्हतें, हा दोष होता.

ज्या देशाच्या धर्तीवर आपली परीक्षा उभी राहिली त्या इंग्लंडांतही हाच वाद दोन पिढ्या चालू आहे, आणि तेथील अनुभव आपल्यास उपयोगी पडण्याजोगा आहे. तेथें १९५१ सालीं हुशार मुलांकरितां "ओ लेव्हल" ही परीक्षा निघाली. बाकीच्यांसाठीं १९६५ सालीं "सी. एस्. ई." ही दुसरी परीक्षा काढण्यांत आली. म्हणजे प्रमाणपत्रें दोन झालीं. त्यामुळें नोकरी देणारे दुसरें प्रमाणपत्र पाहून नाक मुरडीत. शेवटीं १९८८ सालीं दोन्ही एकत्र करून "जी. सी. एस्. ई." ही एकच परीक्षा झाली. परंतु गणितापुरत्या तिच्या आंत तीन पायऱ्या राहिल्या. महाविद्यालयें आणि नोकरी देणारे "सी" ही श्रेणी मागत, आणि सर्वांत खालच्या पायरीच्या प्रश्नपत्रिकेंत मिळूं शकणारी सर्वांत वरची श्रेणी होती "डी" ! म्हणजे सोळा वर्षांच्या मुलानें त्या पत्रिकेंतील प्रत्येक प्रश्न बिनचूक सोडविला तरी ज्या दाखल्याची जगाला गरज तो त्याला मिळणें शक्य नव्हतें. परीक्षेस बसण्यापूर्वींच त्याचा निकाल लागलेला असे. ही गोष्ट अन्यायाची आहे हें कळून सुधारणा होण्यास बराच काळ गेला. २००८ सालच्या परीक्षेपासून तीन पायऱ्यांच्या दोन झाल्या, आणि खालच्या पायरीवरूनही "सी" मिळविण्याची वाट मोकळी झाली.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. २०१४ पासून तेथें असा नियम झाला कीं सोळाव्या वर्षीं गणितांत ती श्रेणी ज्याला मिळाली नाहीं, आणि ज्याचें शिक्षण पुढें चालू आहे, त्यानें अठरा वर्षांचा होईपर्यंत गणिताचा अभ्यास सोडूं नये. हेतु चांगलाच होता. परंतु पुन्हां परीक्षेस बसणाऱ्या या मोठ्या मुलांपैकीं ती श्रेणी गांठणारीं अलीकडे सहांत एकच्या आसपास असतात. एकदां न पचलेलें अन्न तसेंच पुन्हां ताटांत वाढलें तर दुसऱ्या वेळींही पचत नाहीं. तें वेगळ्या रीतीनें शिजवावें लागतें. २०२३ सालीं तेव्हांचे पंतप्रधान ऋषि सुनक यांनीं अठरा वर्षांपर्यंत सर्वांनींच कांहीं ना कांहीं गणित शिकावें असा बेत मांडला. त्यावर पहिला प्रश्न आला तो हा, कीं शिकविणारे एवढे शिक्षक आणावयाचे कोठून ? २०२४ सालीं सरकार बदललें आणि तो बेत मागें पडला.

इंग्लंडच्या या इतिहासांतून आम्हीं दोन गोष्टी घेतल्या. मुलाच्या डोक्यावर छत घालूं नये, ही एक. आणि शिकविण्याची रीत न बदलतां नुसती सक्ती वाढवूं नये, ही दुसरी.

आतां आपल्या देशांत काय चाललें आहे तें पाहूं. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें, म्हणजे सी. बी. एस्. ई. नें, २०२० च्या परीक्षेपासून दहावीला गणिताच्या दोन प्रश्नपत्रिका ठेवल्या : "स्टँडर्ड" आणि "बेसिक". यांत एक गोष्ट शहाणपणाची झाली. अभ्यासक्रम एक, पुस्तक एक, वर्गही एक. फरक केवळ शेवटच्या प्रश्नपत्रिकेंत. त्यामुळें वर्गाच्या मधोमध भिंत उभी राहत नाहीं, आणि निवड करावयाची ती मुलगा बराच शिकून झाल्यावर. मूळ नियम असा होता कीं "बेसिक" देणाऱ्यानें अकरावींत नेहमींचें गणित घ्यावयाचें मनांत आणलें तर पुरवणी परीक्षेच्या वेळीं "स्टँडर्ड" पत्रिका देऊन उत्तीर्ण व्हावें. म्हणजे दार लोटलेलें होतें, पण कडी घातलेली नव्हती. कोविडच्या काळापासून कांहीं वर्षें ही अटही शिथिल करण्यांत आली. याच मंडळानें २०२६ पासून दहावीच्या विद्यार्थ्यांना वर्षांतून दोन वेळां परीक्षेची सोय केली आहे : पहिली सर्वांना आवश्यक, दुसरी जास्तींत जास्त तीन विषयांतील गुण सुधारण्यासाठीं.

आपल्या राज्याच्या २०२४ सालच्या अभ्यासक्रम आराखड्यांत निराळी सूचना आली. गणित किंवा विज्ञान यांत पस्तीसपेक्षां कमी परंतु वीस किंवा अधिक गुण मिळविणाऱ्यास अकरावींत जाऊं द्यावें. मात्र त्याला त्या विषयांचें पुढील शिक्षण घेतां येणार नाहीं असा शेरा त्याच्या गुणपत्रिकेवर असावा. ही बातमी आली त्या आठवड्यांत आमच्या शिक्षकांच्या खोलींत चहा थंड होईपर्यंत वाद झाला. ज्यांनीं, "दर्जा बुडाला !" म्हणून कपाळाला हात लावला त्यांचें लक्ष वीस या आंकड्याकडे गेलें होतें. आमचें लक्ष त्या शेऱ्याकडे गेलें. एका मुलीला वीस गुणांवर पुढें जाऊं दिलें तर आकाश कोसळत नाहीं. परंतु पंधराव्या वर्षीं कागदावर छापलेला शेरा जर पंचविसाव्या वर्षींही तसाच राहणार असेल, तर मोटारी दुरुस्त करणाऱ्या त्या मुलाची गोष्ट आपण पुन्हां नव्यानें लिहीत आहों. शेरा असावाच असेल तर तो पुसून कसा घ्यावा हेंही त्याच कागदावर छापलेलें असावें.

हें झालें चाळणीविषयीं. आतां पावतीविषयीं थोडें. पस्तीस गुण मिळाले म्हणजे गणित आलें काय ? आमच्या मंडळाच्या परीक्षेंत गणिताच्या दोन भागांना प्रत्येकीं ४० आणि अंतर्गत मूल्यमापनाला २० असे मिळून १०० गुण असतात. कोणतीं प्रमेयें पाठ करावीं, कोणत्या आकृत्या घोटाव्या, कोणते प्रश्न सोडून द्यावे, याची यादी करून पस्तीसचा डोंगर चढविणें ही आतां एक कलाच झाली आहे. अशा रीतीनें चढलेल्या मुलाला आम्ही पुढील उदाहरण घालून पाहतों. दुचाकी घेण्यास ६०,००० रुपये कर्ज काढलें. व्याज शेंकडा १२, मुदत एक वर्ष, आणि व्याज सबंध रकमेवर आधींच आकारलेलें. म्हणजे व्याजाचे ७,२०० धरून एकूण ६७,२०० रुपये, दरमहा हप्ता ५,६००. तर खरा दर किती ? वर्गांतील बहुतेक मुलें म्हणतात, "बारा." पण बाळांनो, मुद्दल दरमहा फिटत जातें. वर्षभर मिळून सरासरीनें तुमच्याकडे सावकाराचे सुमारे ३२,५०० रुपयेच राहतात, आणि व्याज मात्र तुम्ही साठ हजारांवर भरतां. ३२,५०० वर ७,२०० म्हणजे शेंकडा २२ च्या घरांत ! हें ज्याला कळलें त्याला आम्ही गणिताची पावती आनंदानें देऊं, मग त्याला वर्गसमीकरण सुटो अथवा न सुटो. आणि ज्याला हें कळलें नाहीं त्याच्या पावतीवर ३५ असोत कीं ६५, ती पावती खोटी आहे.

वर सांगितलेल्या मुलीच्या वडिलांना आम्हीं एकदां वर्गांत बोलाविलें होतें. "सर, आम्ही अडाणी माणसें, आम्ही काय शिकवावें ?" असें म्हणत ते आले. त्यांनीं खडूनें जमिनीवर भिंतीचा कोपरा काढला, एका बाजूवर ३ फुटांची, दुसरीवर ४ फुटांची खूण केली, आणि दोन खुणांमधून दोरी ताणून म्हणाले, "ही पांच फूट भरली म्हणजे कोपरा काटकोनांत. नाहीं भरली तर घर वाकडें." वर्ग गप्प झाला. पायथागोरसचें प्रमेय त्यांतील निम्म्यांना तोंडपाठ होतें. पण तें घराचा कोपरा सरळ करण्यासाठीं असतें हें त्यांना त्या दिवशीं कळलें. परीक्षेच्या पत्रिकेंत अशा दोरीला जागा मिळाली तर सोपी पत्रिकाही अभिमानानें देण्याजोगी होईल.

म्हणून पालकांस आमची विनंति अशी कीं, कोणतीही नवी सवलत पुढें आली म्हणजे ती सोपी कीं कठीण एवढेंच विचारूं नका. तीन प्रश्न विचारा. ही निवड कोण करतो, आणि मुलाच्या कितव्या वर्षीं ? उद्यां मुलाचें मन बदललें तर परतीची वाट आहे काय, आणि तिला खर्च किती ? आणि जो दाखला मिळणार तो खरोखर कशाचा दाखला आहे ? या तिहींचीं उत्तरें समाधानकारक असतील तर सोपी पत्रिका घेण्यांत मुळींच कमीपणा नाहीं. थोरल्याच्या अपयशाच्या भीतीनें धाकट्याच्या अर्जावर सही मात्र करूं नका. ज्यांना कठीण परीक्षेचा अभिमान आहे त्यांनाही सांगणें आहे कीं, चाळणी बारीक करणें सोपें असतें. चाळून खालीं पडलेल्यांचें काय करावयाचें हा प्रश्न कठीण, आणि तोच सोडविला पाहिजे.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांला एवढेंच सांगावयाचें आहे. परीक्षेचे नियम आमच्या उमेदवारींत बदलले, तुमच्या डोळ्यांदेखत बदलत आहेत, आणि तुमच्या मुलांच्या वेळींही बदलतील. आज तुमच्या हातीं जी पत्रिका पडेल ती प्रामाणिकपणें सोडवा. गुण कमी मिळाले तर तुम्ही त्या दिवशीं काय दाखवूं शकलां नाहीं एवढेंच त्या कागदावर लिहिलेलें असतें. तुम्ही काय शिकूं शकणार नाहीं हें त्यावर लिहिण्याचा अधिकार कोणत्याही मंडळाला नाहीं. ज्याला पुढें शिकावेंसें वाटेल त्यानें शाळा सुटल्यावर खुशाल थांबावें. खडू आणि फळा तेव्हांही तेथेंच असतात.